वॅट किती, ते आधी सांगा

सीईटीचे निकाल लागले, प्रवेशाच्या ‘कॅप’ फेऱ्या सुरू झाल्या की महाराष्ट्रातल्या घराघरांत एक खरेदी ठरलेली असते: पोराचा किंवा पोरीचा लॅपटॉप. त्या खरेदीतली फसवणूकही ठरलेली असते. मी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत शिकवतो. पहिल्या वर्षाची मुलं नवीकोरी यंत्रं घेऊन समोर बसली की कुणाच्या वडिलांना टोपी घातली गेली हे यंत्र सुरू झाल्या झाल्या कळतं. साठ हजारांच्या यंत्रापेक्षा शेजारच्या बाकावरचं पंचेचाळीस हजारांचं यंत्र जास्त पळत असतं. याला नशीब म्हणता येणार नाही. ही पद्धतशीर लपवाछपवी आहे आणि तिच्यात कंपन्या, दुकानदार, हप्तेवाले, व्हिडिओवाले, महाविद्यालयं आणि घरची माणसं असे सगळेच सामील आहेत.

सुरुवात घरापासूनच करू. मुलाला गेम खेळायचे असतात, पण तो तसं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘प्रोजेक्टला लागतो.’ खरं बोलला तर वडील म्हणणार, ‘शिकायला पाठवतोय की खेळायला?’ आणि विषय तिथेच संपणार. अठरा वर्षांच्या मुलाने दिवसभर तासिका आणि प्रात्यक्षिकं उरकून रात्री वसतिगृहातल्या मित्रांबरोबर दीड तास व्हॅलोरंट खेळलं तर त्यात आभाळ कोसळत नाही. दोन महिने रोज संध्याकाळी आयपीएल बघणाऱ्या बापाला कुणी व्यसनी म्हणत नाही, मग मुलाच्या खेळाचीच एवढी लाज का? या लाजेची किंमत थेट रुपयांत मोजावी लागते. घरात खेळाचं नाव काढता येत नाही म्हणून दुकानातही काढता येत नाही. ‘कुठला गेम, किती वेळ, कशा दर्जावर’ हे तिन्ही प्रश्न विचारायचे राहून जातात. उरतो तो ‘चांगलं कॉन्फिगरेशन द्या’ एवढा एकच गुळमुळीत आग्रह. दुकानदाराला याहून सोपं गिऱ्हाईक कोणतं मिळणार?

वीस-पंचवीस हजारांचा फरक ‘कुठला गेम’ या एका प्रश्नावर ठरतो. व्हॅलोरंटच्या किमान गरजांच्या यादीत इंटेल एचडी ४००० हे २०१२ च्या सुमाराचं, प्रोसेसरच्या पोटातलंच ग्राफिक्स लिहिलेलं आहे. जीटीए ५ संगणकावर आला २०१५ मध्ये. माइनक्राफ्ट, फुटबॉलचे खेळ, थोडे दर्जाचे आग्रह सोडले तर काउंटर-स्ट्राइक २ सुद्धा, हे सगळं आजच्या बऱ्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सवर चालतं. त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. उलट डूम : द डार्क एजेस या २०२५ च्या खेळाला किमान ८ जीबी मेमरीचं, रे-ट्रेसिंग करणारं ग्राफिक्स लागतं. तिथे ४ जीबीचं कार्ड दारातच अडतं. म्हणजे ज्याला फक्त व्हॅलोरंट खेळायचंय त्याच्या गळ्यात कार्ड विनाकारण मारलं जातं, आणि ज्याला नवे भारी खेळ खेळायचेत त्याला ४ जीबीचं कार्ड देऊन ‘सगळं चालेल’ असं सांगितलं जातं. दोघांच्याही घरचा पैसा वाया जातो.

आता कंपन्यांकडे वळू. लॅपटॉपच्या ग्राफिक्सची ताकद नुसत्या नावावर ठरत नाही, त्याला किती वीज दिली आहे त्यावरही ठरते. एनव्हिडियाचा आरटीएक्स ४०५० लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठल्याही मर्यादेत बसवता येतो, आरटीएक्स ३०५० हा ३५ पासून ८० पर्यंत. खोक्यावरचं नाव तेच, तळहाताजवळचं हिरवं स्टिकर तेच, आणि आतली ताकद मात्र यंत्रागणिक वेगळी. पूर्वी कमी विजेवरच्या कार्डाच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ अशी खूण असायची, निदान जाणकाराला तरी कळायचं. २०२१ मध्ये ती खूण नावातून गेली आणि वॅटचा आकडा यंत्र बनवणाऱ्यांच्या मर्जीवर आला. आज तो आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर चौथ्या घडीत, बारीक टाइपात सापडला तर सापडतो. दुकानातल्या पाटीवर नसतो, खोक्यावर नसतो, जाहिरातीत तर नसतोच. पन्नास वॅटच्या यंत्राला शंभर वॅटवाल्याचं नाव लावून विकायचं आणि आकडा झाकून ठेवायचा. याला माझ्या भाषेत फसवणूक म्हणतात.

गेल्या प्रवेशांच्या वेळी एका विद्यार्थ्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानात गेलो होतो. वडील एसटीत वाहक, लॅपटॉपसाठी पतसंस्थेतून कर्ज काढलेलं. विक्रेत्याने लाल दिव्यांचा कीबोर्ड असलेलं यंत्र पुढे केलं. ‘काका, हा गेमिंगचा आहे. चार वर्षं बघायला नको.’

मी विचारलं, ‘ग्राफिक्स किती वॅटचं?’

‘चार जीबीचं आहे, सर.’

‘जीबी नाही, वॅट.’

‘ते कंपनी सांगत नाही, सर.’

यंत्र समोर चालूच होतं. मी एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडलं, सिस्टिम इन्फर्मेशनवर गेलो. यादीत ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे त्या कार्डाच्या मर्यादेतल्या अगदी खालच्या टोकाचा आकडा होता. विक्रेता तो आकडा पहिल्यांदाच बघत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुलाचे वडील म्हणाले, ‘सर, हे मला कुणी दाखवलंच नसतं.’ खरंच नसतं दाखवलं. महिना काही हजारांवर राबणाऱ्या त्या विक्रेत्या पोराला मी दोष देत नाही. त्याला मालकाने आणि कंपनीच्या माणसाने तीन वाक्यं पाठ करून दिली होती, तीच तो म्हणत होता. दोष ती वाक्यं लिहिणाऱ्यांचा आहे.

प्रोसेसरच्या नावात तर लबाडीचा कळस आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एएमडीच्या ७००० मालिकेत खरी पिढी तिसऱ्या अंकात दडवलेली आहे. रायझन ५ ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, ही २०१९ ची रचना. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. ७६४०एचएस मधला ४ म्हणजे झेन ४. पहिला अंक सगळ्यांचा ७, म्हणून तिन्ही सारखेच नवे वाटतात. ७५२०यू मध्ये चारच कोअर आणि अगदी दुबळं अंगचं ग्राफिक्स. त्यावर कागदपत्रं लिहा, व्हिडिओ बघा, खेळाची गोष्ट काढू नका. इंटेलकडे शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे वीज वाचवणारा, एच म्हणजे जोर लावणारा. ‘आय७’ म्हटलं की आपल्याकडे डोळे दिपतात. पण यू अक्षराचा आय७ घेऊन जड काम करायला बसलेल्या मुलापेक्षा एच अक्षराचा आय५ घेतलेला मुलगा पुढे जातो, कारण तिथेही प्रश्न विजेचा आणि थंडाव्याचाच असतो. आय३, आय५, आय७ हे वर्ग दाखवतात, वर्ष दाखवत नाहीत, आणि दुकानात वर्ष कुणी सांगत नाही.

मेमरीत होणारी चलाखी मला सगळ्यात जास्त डाचते, कारण ती अगदी क्षुल्लक पैशांसाठी केलेली असते. अंगच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते यंत्राचीच रॅम वापरतं. रॅमच्या दोन पट्ट्या असल्या तर ये-जा करायला दोन वाटा मिळतात, एक असली तर एकच. एका पट्टीवर खेळ रखडतो. इंटेलने तर आपल्या आयरिस एक्सई ग्राफिक्सचं नावच या अटीला बांधलं होतं. मेमरी दोन वाटांची नसेल तर तेच ग्राफिक्स यंत्रात ‘यूएचडी’ म्हणून दिसतं. तरीही पाटीवर आयरिस एक्सई छापून आत ८ जीबीची एकच पट्टी घालून विकलेली यंत्रं मी वर्गात हाताळली आहेत. तपासणं सोपं आहे. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा, ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. दोनपैकी एक वापरात असेल तर पुढे पट्टी घालायला जागा आहे. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली असते, मग दुसरी रिकामी खाच आहे का हे विचारून घ्या. ती नसेल तर आज जेवढी घ्याल तेवढ्यावरच चार वर्षं काढायची. ‘आत्ता ८ घ्या, नंतर वाढवू’ हा सल्ला तर आज उघड घातक आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले आहेत, कारण कारखाने एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवण्यात गुंतले आहेत. ‘क्रूशियल’ या नावाने वर्षानुवर्षं घरगुती ग्राहकांना पट्ट्या विकणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये तो धंदाच आवरत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा १६ जीबी पहिल्या दिवशीच घ्या.

पडद्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. १४४ हर्ट्झ मोठ्या अक्षरात छापतात आणि रंगांचं ‘४५ टक्के एनटीएससी’ व उजेडाचं ‘२५० निट्स’ हे माप लपवतात. अशा पडद्यावर लाल रंग विटकरी दिसतो आणि खिडकीशेजारी बसलं की अक्षरं पुसट होतात. आर्किटेक्चर किंवा डिझाइन शिकणाऱ्या मुलीला असा पडदा देणं म्हणजे तिचं काम पहिल्या दिवसापासून बिघडवणं. तिने ‘शंभर टक्के एसआरजीबी’ असं लिहिलेलंच यंत्र मागावं. खेळणाऱ्यानेही हिशेब करावा. ज्या यंत्रात खेळ सेकंदाला पन्नास चित्रांच्या वर जात नाही, तिथे १४४ हर्ट्झच्या पडद्याला दिलेले पैसे पाण्यात गेले.

आणि उष्णता. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात, पंख्याखाली, गादीवर ठेवलेल्या पातळ यंत्राची हवा खालून कोंडते. आतलं तापमान वाढलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो आणि खेळ अडखळायला लागतो. दुकानातल्या एसीत दहा मिनिटं चालवून यातलं काही दिसत नाही. पातळपणाच्या मोहात पडून अशा यंत्रात ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो: थंडाव्याला जागा नसेल तर कार्डाचा उपयोग नाही. शिवाय कार्डवाल्या यंत्राचा जोर फक्त चार्जर लावलेला असताना मिळतो, बॅटरीवर ते कार्ड अर्ध्या ताकदीवर येतं. तो जाडजूड चार्जर धरून अडीच-तीन किलोचं ओझं रोज पीएमपीच्या बसमध्ये किंवा लोकलमध्ये वाहायचं आहे, याचाही विचार विद्यार्थ्याने करायला हवा.

आमच्या महाविद्यालयांनाही मी सोडणार नाही. प्रवेशाच्या पत्रकात ‘आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स’ अशी एक ओळ छापून सगळ्या शाखांना सारखीच वाटायची, हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे. त्या ओळीच्या आधारावर पालक कर्ज काढतात. संगणक शाखेच्या पहिल्या वर्षाला सी आणि पायथन असतं. ते कुठल्याही साध्या यंत्रावर चालतं. मशीन लर्निंगच्या अभ्यासाला गूगल कोलॅब फुकट मिळतं. यांत्रिकीला सॉलिडवर्क्स आणि अॅन्सिस, आर्किटेक्चरला लुमियन, या ठिकाणी कार्ड आणि मेमरी खरोखर लागते. बी.कॉम.च्या मुलाला टॅली आणि एक्सेलसाठी कार्डाची काहीही गरज नाही. कोणत्या सत्रात कोणतं सॉफ्टवेअर येणार, ऑटोकॅडसारखी कोणती विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, प्रयोगशाळेत काय आहे, एवढं एका पानावर लिहून देणं विभागप्रमुखाला अवघड नाही. ते न लिहिता ‘आय७’ छापायचं म्हणजे पालकांना दुकानदाराच्या ताब्यात देऊन आपण हात झटकायचे.

मग येतात हप्तेवाले. ‘शून्य टक्के व्याज’ असं काही अस्तित्वातच नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. पाटी बदलून ‘नो-कॉस्ट’ झाली, हिशेब तोच राहिला. रोख देणाऱ्याला तीन हजारांची सूट आणि हप्तेवाल्याला नाही, तर ते तीन हजार म्हणजेच व्याज. वर प्रक्रिया शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी. त्यात न मागितलेला अँटिव्हायरस आणि वाढीव वॉरंटी घुसडली की बिल गुपचूप फुगतं. छापील किंमत फुगवून तिच्यावर भरघोस सूट दाखवायची, ही त्याच माळेतली दुसरी चलाखी. वाहकाच्या पगारातून जाणाऱ्या प्रत्येक हप्त्यावर हा धंदा उभा आहे, आणि तो करणाऱ्यांना शरम वाटायला हवी.

व्हिडिओवाल्यांनी मराठीतही आता दुकान मांडलं आहे. कंपनीने पाठवलेलं सगळ्यात वरच्या प्रतीचं यंत्र ते दाखवतात आणि लिंक मात्र खालच्या प्रतीची देतात. त्या लिंकवरून झालेल्या विक्रीवर कमिशन मिळतं. जाहिरात असेल तर ती ठळक सांगा, अशी मार्गदर्शक तत्त्वं ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये काढली. किती जण पाळतात ते कुठलाही व्हिडिओ उघडून बघा. ज्या परीक्षणात वॅटचा आकडा नाही, अर्धा तास खेळल्यानंतरचं तापमान नाही, रॅमच्या पट्ट्या किती ते नाही, ते परीक्षण नाही, ती जाहिरात आहे.

मग घ्यायचं काय? माझं मत सरळ आहे. बजेट आखडतं असेल तर वेगळ्या कार्डाचा नाद सोडा. रेडिऑन ६६०एम, ७६०एम किंवा ७८०एम यांपैकी अंगचं ग्राफिक्स असलेला रायझन घ्या, किंवा इंटेलचा एच अक्षराचा, आर्क ग्राफिक्सवाला कोअर अल्ट्रा. १६ जीबी रॅम दोन वाटांची, एसएसडी ५१२ जीबी. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए ५, फुटबॉल यावर चालतं, अभ्यास सुरळीत होतो, आणि पाठीवरचं ओझंही हलकं राहतं. खरोखर नवे खेळ खेळायचे असतील किंवा शाखेला कार्ड लागत असेल, तर किमान ६ जीबीचं, डूमसारख्या खेळांसाठी ८ जीबीचं कार्ड आणि तेही भरपूर वॅटचं घ्या. तेवढे पैसे नसतील तर आरटीएक्स २०५० किंवा ४ जीबीचा ३०५० घेऊन अर्धवट समाधान विकत घेऊ नका. ते पैसे अंगच्या चांगल्या ग्राफिक्सवर आणि रॅमवर लावा. वापरलेलं यंत्र घेत असाल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’च्या बॅटरी रिपोर्टची आज्ञा देऊन मूळ क्षमता आणि उरलेली क्षमता शेजारी-शेजारी बघा. वॉरंटी ‘ऑनसाइट’ आहे असं सांगितलं तर तुमच्या गावाचा पिनकोड देऊन लेखी खात्री करा. उदगीरच्या मुलाला बिघडलेलं यंत्र घेऊन लातूर किंवा पुणे गाठावं लागणार असेल तर ती ऑनसाइट वॉरंटी नव्हे.

आणि सरकारकडे माझी एक मागणी आहे. फ्रिजच्या दारावर विजेचे तारे छापणं सक्तीचं आहे. बंद पाकिटावर एमआरपी, आयातदाराचं नाव, उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणं सक्तीचं आहे. मग लॅपटॉपच्या खोक्यावर ग्राफिक्सचे वॅट, रॅमच्या पट्ट्या आणि खाचा, पडद्याचा रंगटक्का आणि निट्स, बॅटरीचे वॅट-तास आणि प्रोसेसरची रचना कोणत्या वर्षाची, हे पाच आकडे ठळक छापायला कंपन्यांना काय अडचण आहे? ते त्यांना माहीत असतात. मोजायला काही खर्च नाही, छापायला शाई लागते तेवढीच. ते छापले तर अर्धी विक्री स्टिकरवर होणार नाही, म्हणूनच ते छापले जात नाहीत.

सक्ती होईपर्यंत काम गिऱ्हाइकानेच करायचं आहे. मुलांनो, घरी खरं सांगा: मला शिकायचंय आणि खेळायचंही आहे, हा खेळ, एवढा वेळ. पालकांनो, ते ऐकून घ्या, कारण लपवलेल्या इच्छेचं बिल तुम्हीच भरता. मग दोघांनी मिळून दुकानात जा आणि पाचही आकडे कागदावर मागा, विक्रेत्याच्या सहीने, बिलासोबत. सांगितलेलं एक आणि निघालं दुसरं, तर तो कागद हातात ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तिचा पाठपुरावा करा. आणि जो दुकानदार आकडे लेखी द्यायला नकार देईल, त्याच्या दुकानातून पैसे न देता बाहेर पडा.